हरकत

करंजाच्या बुंध्याला नोटीस ठोकली होती.
चार खिळे, पावसासाठी वरून प्लास्टिकची पिशवी
आणि आत कागद: सदर वृक्ष क्रमांक अठ्ठावीस
बाधित होत असल्याने
सूचना व हरकती सात दिवसांच्या आत.

तिसऱ्या दिवशी वाचली मी.
चष्मा दुरुस्तीला होता, म्हणून दोन दिवस
मला ती कुणी हरवल्याची जाहिरात वाटत होती.
तशी ती होतीच, फक्त आगाऊ.

नोटीस काढून आणली, खिळ्यांसकट.
गुन्हा असेल तर असो.
बादलीत रात्रभर भिजत घातली,
सोबतीला वीजबिलं, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त,
परेरा टीचरनी दिलेल्या कच्च्या वह्या.
सकाळी पाणी निळसर.
"बाधित" हा शब्द सगळ्यांत शेवटी विरघळला.

मिक्सरचं भांडं जुनं, चटणीचं, बाद झालेलं.
आवाज मात्र तोच, खोबरं वाटल्याचा.
वरच्या गॅलरीतून विचारणा झाली, आज काय बेत?
मी म्हटलं, पालिका.

खिडकीची डासांची जाळी चौकटीसकट उपसून
पाण्यात तिरकी बुडवायची, सपाट उचलायची,
श्वास पोटातल्या पोटात.
पहिले सहा कागद फाटले. सातव्याला भोक.
आठवा एका कडेने भाकरीसारखा जाड,
तोच ठेवला.

मग बिया.
करंजाचं बी चपटं, तपकिरी, हट्टी,
कागदात मावत नाही.
दाबून पाहिलं. कपाटाच्या दारावर कागद वाळत आला
तसं ते टपकन सुटून पलंगाखाली गेलं.
म्हणून राजगिरा.
ठाऊक आहे मला, झाडाच्या बदल्यात राजगिरा
हा काही हिशेब नव्हे.

परेरा टीचर शेजारी बसून पानं कातरत होत्या,
कोपऱ्यात चिकटवायला.
"करंजाचं एक पान म्हणजे पाच पानं, कधी सात.
मुलं एकच काढायची, मी मार्क कापायचे."
आता त्यांच्या बोटांना कंप आहे,
कडा दातेरी येतात. करंजाच्या तशा नसतात.
"कीड लागलीय म्हणून सांग."

शाई पसरते, तर पेन्सिलने लिहिलं:
ह्या झाडाखाली इस्त्रीचं टेबल असतं,
दुपारी तीन रिक्षा,
आणि बाजारातून येताना पिशवी खाली ठेवायला मी.
एवढंच. मोठे शब्द त्या कागदाला पेलले नसते.

सातव्या दिवशी आवक खिडकीवर तरे नावाचा मुलगा.
उलटसुलट करून बघितला त्याने.
"हे लेटरहेड?"
"घरचं आहे."
शिक्का मारला. शिक्क्याखाली राजगिरा
कचकन वाजला,
आम्ही दोघांनीही ऐकलं, बोललो नाही.

झाड गेलं.
मी दाढ काढायला पाचपाखाडीला गेले होते,
अर्धा गाल बधिर घेऊन परतले
तर इस्त्रीच्या टेबलावर इतकं ऊन
की जगदीशने कोळसे पेटवलेच नसते तरी चाललं असतं.
त्याने माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येत नव्हतं.
बरंच झालं.

महिन्याने फोन.
"तरे बोलतोय, आवक-जावक.
तुमची फाइल कूलरला टेकून होती, तो गळतो.
मॅडम, तुमची हरकत उगवलीय."
मागे कुणीतरी हसत होतं.
"लाल लाल देठ आलेत. शिक्क्याच्या आतून पण.
साहेब रजेवर आहेत, दप्तरी कशी लावू कळेना."
मग आवाज खाली आणून:
"पाणी रोज घालायचं का?"

एक दिवसाआड, मी म्हटलं.
आणि इतक्यात जावक क्रमांक देऊ नका.